वाढत्या मापाचे स्केट घेऊ नका, पोरांचे पाय सोलून निघतात

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

विषय: मुलांच्या स्केटचं फिटिंग, हीट मोल्डिंग आणि आपल्या शहरात त्याची काहीच सोय नसणं

गेल्या पंधरा दिवसांत माझ्या दुकानात तीन पालक आले, तिघांच्याही हातात पोरांचे स्केट अन् तिघांचंही म्हणणं एकच, भाऊ हे चावून राहिले, आतून काही गादी-बिदी लावून द्या. मी तिन्ही पोरांना समोर बसवलं, पायात घालून पाहिले. तिघांचेही मोठे होते. लोकांना वाटते बूट चावतो म्हणजे तो घट्टच असला पाहिजे, पण पोरांच्या पायाला जे फोड येतात नं ते बहुतेक वेळा सैल बुटानं येतात, पाय आत सरकतो, घासतो, घासून घासून साल निघते. मी नागपूरच्या महाल भागात बावीस वर्षांपासून चपलाबुटांचं दुकान चालवतो, वडिलांच्या आधीचं आहे, आणि तरी स्वतःच्या पोरीच्या बाबतीत मीच ही चूक केली म्हणून हे पत्र लिहून राहिलो. छापलं तर दहा-वीस पोरांचे पाय वाचतील.

माझी मुलगी चौदा वर्षांची. सहाव्या वर्षी साध्या चार चाकांच्या क्वाडवर सुरू केलं, मग इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट, मग इनलाइनवरची हॉकी, आणि आता गेल्या वर्षापासून तिला बर्फावरच्या हॉकीचं वेड लागलं. नागपुरात बर्फ कुठला, आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, पण देहरादूनची रिंक, म्हणजे स्केटिंगचं बर्फाचं मैदान, २०११ साली बांधलेली अन् मग वर्षानुवर्षं बंद पडलेली, ती आता पुन्हा सुरू झाली, तिथं शिबिराला जायचं ठरलं. जून २०२५ मध्ये अल ऐनला झालेल्या आशिया कपात आपल्या मुलींनी ब्राँझ आणलं, त्यात लडाख अन् स्पितीकडच्या पोरी, ते मोबाइलवर पाहून तर ती घरात झाडू घेऊन पक, म्हणजे ह्या हॉकीतली चेंडूऐवजीची चकती, मारत फिरत होती. मी म्हटलं चला, स्केट घेऊन देऊ.

आता आपल्या घरांमध्ये काय असते, शाळेचा गणवेश घ्यायचा तर वाढत्या अंगाचा, बूट घ्यायचे तर पुढे अंगठाभर जागा सोडून. त्यात काही वाईट नाही, लेकरं वाढतात, पैसे झाडाला लागत नाहीत. मी पण तेच केलं. तिला आपला पाच नंबर लागतो, मी ऑनलाइन साडेसहा मागवले, थोडे वापरलेले, म्हटलं दोन वर्ष तरी चालतील. आले तेव्हा घालून पाहिले, पोरगी म्हणाली बाबा छान आहे, मऊ वाटते. मऊ वाटणारच, पाय कुठे टेकतच नव्हता.

देहरादूनहून चार दिवसांनी फोन आला तेव्हा ती खेळाबद्दल बोललीच नाही. आली तेव्हा रात्री मी तिचे मोजे काढले. उजव्या घोट्याच्या आतल्या हाडावर मोजा चिकटून बसला होता, कोमट पाण्यात पाय ठेवून सोडवावा लागला, खाली एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा पूर्ण सोललेली, टाचेच्या मागं दोन्हीकडे फोड, फुटलेले. मी विचारलं सांगितलं काहून नाही, तर म्हणाली कोच सर म्हणाले सहन कर, सवय होते, बूट आपोआप पायाचा होतो. अन् एवढंच बोलली, "बाबा, आत पाय सरकून राहिला होता ना, मी वळायची अन् बूट नंतर वळायचा."

साहेब, ही जी ओळ आहे नं, बूट नंतर वळायचा, ह्याच्यात सगळं आलं. बर्फावरच्या हॉकीच्या स्केटचं पातं जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते. त्याला मधून खोलगट घासून दोन्ही बाजूला दोन धारा काढलेल्या असतात, आणि खेळाडू उभा राहतो, वळतो, थांबतो ते सगळं ह्या दोन धारांपैकी एकीवर. म्हणजे घोटा किंचित कलला की धार बदलली पाहिजे, त्याच क्षणी. पाय बुटात अर्धा सेंटिमीटर जरी सरकला तरी पोराची ताकद आधी ती पोकळी भरण्यात जाते आणि मग पात्यापर्यंत पोचते. मग पोर काय करते, लेस जीव खाऊन आवळते. टाच तरी हलतेच, पण घोट्याच्या पुढच्या बाजूला स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर लेसचा दाब बसतो, तिथं सूज येते, ह्याला खेळणारे लेस बाइट म्हणतात. माझ्या मुलीला तेही झालं होतं. मोठ्या बुटानं एकाच वेळी टाच सोलली आणि पुढून पाय चेपला, हे मला बावीस वर्षांच्या धंद्यात कधी डोक्यात आलं नव्हतं, कारण आपल्या साध्या बुटात एवढा जीव लागतच नाही.

मग मी शोधायला लागलो आणि कळलं की ह्या बुटांना भाजतात. म्हणजे खरंच ओव्हनमध्ये ठेवून गरम करतात, गरम असताना पायात घालतात आणि तो थंड होताना पायाच्या आकाराचा होतो. हीट मोल्डिंग म्हणतात. हॉकीच्या स्केटचं कवच आता बहुतेक अशा मटेरियलचं असते जे तापलं की नरम पडते आणि थंड झालं की पुन्हा कडक. आपल्याकडे लाखेच्या बांगड्या करणारे बसतात नं, निखाऱ्यावर लाख नरम करतात, गोल फिरवतात, मापाला आणतात, निवली की टणक, तोच हिशोब. पूर्वी चामड्याचे स्केट असायचे ते पाण्यानं-घामानं भिजून हळूहळू पायाचे व्हायचे, त्याला अख्खा सीझन जायचा. नवीन कडक बूट चामड्यासारखा सैल पडत नाही, त्याला उष्णता द्यावी लागते. तेव्हा "सवय होते" हे जुन्या चामड्याच्या बुटांसाठी खरं होतं, आजच्या बुटांसाठी नाही, आणि अजूनही पोरांना तेच सांगितलं जातं ह्याचं मला फार वाईट वाटते.

मी हे शेजाऱ्यांना सांगितलं तर ते म्हणाले, अरे मग ओव्हन कशाला पाहिजे, गच्चीवर ठेव, नागपूरचं ऊन म्हणजे भट्टीच आहे. मला पटलं. मे महिना होता, दुपारी बारा ते तीन दोन्ही स्केट गच्चीवर ठेवले. पाहायला गेलो तर पात्याला हात लावता येत नव्हता, काळी बाजू चटके देत होती, सावलीकडची बाजू नुसती कोमट, आतला इनसोल वर वळून आला होता आणि डाव्या बुटाच्या सोलजवळ गोंदाची रेघ सुटायला लागली होती. कवच मात्र तसंच कडक. उन्हानं बूट एका बाजूनं तापतो, जेवढं तापमान पाहिजे तेवढं आतपर्यंत पोचत नाही, आणि तीन तास तसा ठेवला की नुकसान गोंदाचं होते. म्हणून कृपा करून कोणी गच्चीचा उपाय करू नका, आणि शिबिराच्या दिवसांत बंद गाडीच्या डिकीत पण स्केट ठेवून देऊ नका, हे इनलाइनवाल्यांनाही सांगतो.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे, त्याची बांधकामाची माती-सिमेंट तपासायची छोटी लॅब आहे. मातीतला ओलावा मोजायला ते सँपल १०५ ते ११० अंशावर वाळवतात, त्यासाठी त्याच्याकडे पंखा असलेला हॉट एअर ओव्हन आहे, डिजिटल आकड्याचा. त्याला सांगितलं तर आधी हसला, मग म्हणाला आण. बुटाच्या कंपनीनं त्या मॉडेलसाठी दिलेलं तापमान अन् मिनिटं आम्ही आधी काढून ठेवली होती, साधारण ८० अंशाच्या आसपास असते, काही नवीन एकसंध कवचाच्या बुटांना जास्त लागते, म्हणून आपल्या बुटाचंच पाहायचं, दुसऱ्याचं ऐकून करायचं नाही. त्यानं ओव्हन ८० वर आणून अर्धा तास तसाच चालू ठेवला, वेगळा थर्मामीटर आत ठेवून आकडा खरा आहे का ते पाहिलं, मग एक एक करून बूट भाजले.

आणि काही उपयोग झाला नाही. म्हणजे घोट्याजवळ थोडा बरा बसला, पण टाच तशीच उचलायची. तेव्हा मला समजलं की भाजल्यानं बूट लहान होत नाही. लांबी बदलत नाही. बाजूच्या भिंती पायाला येऊन लागतात, टाचेची वाटी थोडी आवळते, घोट्याच्या हाडाला खोबण पडते, बस. साडेसहाचा बूट पाच नंबरच्या पायाला कोणत्याही ओव्हननं बसत नाही. एवढे उपद्व्याप करून मी जिथं चूक केली होती तिथंच येऊन उभा राहिलो, म्हणजे मापावर.

म्हणून मापाचं जरा नीट लिहितो, पालकांनी हे कापून ठेवलं तरी चालेल. माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असते तेव्हा. दोन्ही पायांचं घ्यायचं, उभं करून, पूर्ण वजन टाकून, आणि जो पाय मोठा त्याचं धरायचं, कारण दोन्ही पाय सारखे असलेलं लेकरू मी क्वचित पाहिलं. लांबीबरोबर पंजाची रुंदी पण, स्केट अरुंद, मध्यम, रुंद असे वेगवेगळे येतात आणि आपल्याकडे लहानपणापासून चपला घालून वाढलेल्या पोरांचे पंजे मला रुंदच दिसतात, हा माझा दुकानातला अनुभव. मोजा तोच घालायचा जो खेळताना घालणार, पातळ. घरचा जाड लोकरी मोजा घालून माप घेतलं की गेलं काम.

आता नंबर. हॉकीचा स्केट हा अमेरिकन बुटाच्या नंबरापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान घ्यावा लागते, आणि आपला इकडचा नंबर अमेरिकेतल्या पुरुषांच्या नंबरापेक्षा आधीच जवळपास एकनं कमी असते, त्यामुळं आपल्या पोराला पाच लागत असेल तर स्केट साडेचार-पाचच्या आसपास येतो. मी साडेसहा मागवले होते. बघा म्हणजे.

घालून पाहताना लेस न बांधता बोटं पुढे टेकवायची आणि टाचेच्या मागं बोट घालून बघायचं. एक बोट कसंबसं जाते तर ठीक, दोन गेली तर बूट मोठा. मग टाच मागं नीट बसवून लेस बांधायची, सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकी लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की टाच मागं जाऊन ती सुटली पाहिजेत. हॉकीत पोरगं सगळा वेळ गुडघे वाकवूनच असते, त्यामुळं दुकानात ताठ उभं राहून "बोटं लागतात" म्हटलं की लगेच मोठा नंबर काढायचा नाही. हीच जागा आहे जिथं सगळे पालक फसतात, मी पण. आणि बूट उथळ आहे का ते पाहायला पेन्सिल. लेस सोडून जीभ पुढे ओढायची, वरून तिसऱ्या जोडीच्या भोकांवर आडवी पेन्सिल ठेवायची, दोन्हीकडे टेकली पाहिजे, पाय मधून तिला वर उचलत असेल तर बूट त्या पायाला उथळ आहे, लेस बाइट होणारच. वाढत्या वयाच्या पोरांसाठी जागा सोडायचीच असेल तर अर्धा नंबर, त्याच्या वर नको.

साडेसहाचे कमी पैशात एका मोठ्या मुलाला देऊन टाकले, आणि साडेचारचे, रुंद पंजाचे, पुन्हा वापरलेलेच मिळवले. ते आले तेव्हा पोरगी म्हणाली खूप घट्ट आहे बाबा, आणि खरं सांगतो, मन कचरलं, मनात आलं पुन्हा काही चुकलं तर. पण बोटं-पेन्सिल सगळं बरोबर येत होतं.

लॅबमध्ये रविवारी गेलो. पातं काढता येणारं होतं ते काढून ठेवलं, लेस पूर्ण सैल, जीभ बाहेर, लोखंडी जाळीचा चटका लागू नये म्हणून खाली लाकडी फळी. उजवा बूट आत. सहा मिनिटं. मित्रानं काढून माझ्या हातात दिला तेव्हा मी सवयीनं अंगठ्यानं टाचेच्या वर दाबून पाहिलं, मगाशी टकटक वाजणारं कवच आता दमट चामड्यासारखं दबत होतं, हळूच, अन् परत यायचं. पोरीनं पाय घातला, मी टाच धरून मागं बसवली, आणि लेस मी स्वतः ओढली, सरळ पुढच्या दिशेनं, बाजूला नाही, कारण नरम असताना बाजूला ओढलं तर आयलेट, म्हणजे लेसच्या भोकाची कडी, उपटून येते, आणि नेहमी खेळताना बांधते त्याच्यापेक्षा जास्त आवळायची पण गरज नाही. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर गुडघे काटकोनात ठेवून पंधरा मिनिटं बसायचं, चालायचं नाही, उभं पण राहायचं नाही, नरम बुटात चाललं की तो वेडावाकडा बसतो. पंधरा मिनिटं ती गप्प बसली हेच मला नवल. दहाव्या मिनिटाला म्हणाली, "बाबा, घोट्याजवळ कोणी हात धरून ठेवल्यासारखं वाटते." डावा पण तसाच केला. मग घरी आणून चोवीस तास देवघराखालच्या फळीवर, हात नाही लावायचा, पूर्ण बसल्याशिवाय बर्फावर न्यायचा नाही.

एक जागा तरी राहिली. टाचेच्या मागं तिचं हाड थोडं बाहेर आहे, तिथं दाबत होतं, तिथं भाजल्यानं भागलं नाही. माझ्याकडे तीस वर्षांपासून काम करणारे कारागीर काका आहेत, त्यांनी आतून बरोबर त्या ठिकाणी खडूनं खूण केली, तेवढाच भाग गरम करून फुगवायच्या चिमट्यानं बाहेर काढला आणि थंड होईपर्यंत चिमटा लावून ठेवला. हे आपले मोची लोक पिढ्यान्‌पिढ्या बोटाच्या गाठीसाठी करत आले आहेत, लाकडी फर्मा घालून, त्यावर चामड्याचा तुकडा ठोकून. हे कसब नागपुरात गल्लोगल्ली आहे हो, महालात आहे, इतवारीत आहे, फक्त त्यांच्याकडे स्केट कोणी नेतच नाही. लडाखमध्ये तर सुरुवातीला सैन्याच्या बुटांना पाती ठोकून खेळायचे म्हणतात, म्हणजे तिथंसुद्धा खेळाची सुरुवात चांभाराच्या ठोक्यानंच झाली असणार.

काय करू नये तेही. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, आत धातूच्या भोकांच्या कड्या असतात. गॅसवर, तव्यावर, तंदूरमध्ये नाही. हेअर ड्रायर नाहीतर हीट गननं घरी करू नये, एकाच जागी जळते अन् बाकी थंड राहते, आमचे काका करतात ते चार बोटांच्या जागेचं काम आहे अन् हात बसलेला आहे. मॉलमधल्या साध्या प्लास्टिक कवचाच्या हौशी स्केटला भाजायचंच नाही, ते त्यासाठी बनलेलेच नसतात. इनलाइन हॉकीचे चांगले बूट आणि स्पीडचे कार्बनचे बूट बरेचदा मोल्ड होणारे असतात, पण कंपनीनं तसं लिहिलेलं असेल तरच, आणि चाकं-बेअरिंग काढून. अन् बूट दर महिन्याला भाजायची वस्तू नाही, प्रत्येक वेळी गोंद थोडा थोडा मरतो, एकदा, फार तर दोनदा. लॅबचा ओव्हन मी वापरला कारण मित्र दिवसभर तेच काम करतो आणि आकड्याची खात्री होती, घरच्या केकच्या ओव्हनमध्ये आकडा एक अन् आतलं तापमान दुसरं असते, तिथं प्रयोग करू नका.

दुसऱ्यांदा देहरादूनहून आली तेव्हा मी पुन्हा मोजे काढून पाहिले. लाल होतं, एका ठिकाणी, पण साल शाबूत. ती मात्र पायाबद्दल काही बोललीच नाही, थांबताना बर्फ कसा उडतो ते दोन तास सांगत होती.

आता मुद्द्याचं मागणं, ज्यासाठी हे एवढं लिहिलं.

पालक मोठे स्केट घेतात ते हौसेनं नाही, महाग आहेत म्हणून घेतात. चांगल्या जोडीला पंधरा-वीस हजार मोजायचे आणि आठ-दहा महिन्यांत पाय वाढला की काय करायचं. हे जोवर सुटत नाही तोवर मी कितीही लिहिलं तरी लोक दीड नंबर मोठाच घेतील, आणि त्यांची चूक नाही. तर आपण शाळेची जुनी पुस्तकं जून महिन्यात एकमेकांना देतो नं, तसं ह्या बुटांचं काहून होऊ नये. मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा शहरातल्या कोणत्याही मैदानावर जिथं पोरं स्केटिंग करतात तिथं एक कपाट ठेवा. पाय वाढला की जुनी जोडी आणून ठेवायची, वरच्या नंबरची न्यायची, थोडी रक्कम डिपॉझिट. लहान पोरांचे बूट झिजत नाहीत फारसे, पाय आधी वाढतो. आज नागपुरात किती घरांत माळ्यावर असे बूट पडले असतील, माझ्याच घरी तीन जोड्या आहेत, एकीला तर कोळीष्टकं लागली.

आणि त्या कपाटाच्या बाजूला एक पाय मोजायची पाटी आणि एक पंखेवाला ओव्हन, खरा आकडा दाखवणारा. ह्याला काही फार मोठा निधी लागत नाही, एका स्पर्धेच्या मंडपाच्या अन् हारतुऱ्यांच्या खर्चात होईल असं मला वाटते. तीन महिन्यांतून एक रविवार ठेवा, पोरांना बोलवा, माप घ्या, बूट तपासा, ज्याला मोल्ड करायचं त्याला करून द्या, अन् एखाद्या मोचीदादाला मानधन देऊन बसवा. जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर दिवाळीच्या आधी होईल.

कोच मंडळींना हात जोडून एक विनंती आहे. पोरगं म्हणालं पाय दुखतो तर आधी बूट काढायला लावा. मोजा पाहा. सोललं असेल तर त्या दिवशी बसवून ठेवा. हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ ला आपल्या रोलर स्केटिंगच्या मुलांनी आणि मुलींनी ३००० मीटर रिलेत दोन ब्राँझ आणले, २०२५ मध्ये चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार जगज्जेता झाला, आता गावोगावी पोरं चाकं लावून निघाली आहेत, नागपुरात फुटाळ्यावर संध्याकाळी बघा, अंबाझरीकडे सकाळी बघा. त्यातली कितीतरी सहा महिन्यांत सोडून देतात आणि आपण म्हणतो मन लागत नाही. मी आता दुकानात आलेल्या प्रत्येक अशा पोराला आधी विचारतो की कुठे दुखते, आणि ते बोट दाखवतात ती जागा जवळजवळ नेहमी घोट्याचं आतलं हाड किंवा टाचेचा मागचा भाग असते.

वर सांगितलेल्या तीन पोरांपैकी दोघांना मी परत पाठवलं, बूट बदलून आणा म्हणून. तिसऱ्याचे घरचे बदलू शकत नव्हते, तर माझ्या मुलीच्या जुन्या इनलाइनची जोडी त्याला बसली, दिली.

मी पाय मोजायची पाटी मागवून घेतली आहे. कपाट होईल तेव्हा होईल, तोवर दर रविवारी सकाळी दहा ते बारा, माझ्या दुकानात कोणत्याही पोराच्या पायाचं माप फुकट घेऊन कागदावर लिहून देईन, मग बूट कुठूनही घ्या. काका पण बसतील, त्यांना विचारलं आहे. येताना खेळायचे पातळ मोजे आणायचे आणि जमलं तर संध्याकाळी घरी दोन्ही पायांची कागदावर आखलेली रेघ आणायची. माझं नाव, दुकानाचा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, कोणी विचारलं तर अवश्य द्या.

आपला नियमित वाचक,
चपलाबुटांचा एक दुकानदार आणि हॉकी खेळणाऱ्या मुलीचा बाप
महाल, नागपूर